कवडसा न पाडणारी काच

"ओ, तो कवडसा आवरा! डोळा फोडता का माझा?"

मी ओरडलेच. सेलूच्या स्टेशन रोडवर आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, एप्रिलची दुपार. डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग... आणि दारातल्या माणसाच्या मनगटावरून ऊन थेट माझ्या डोळ्यात.

"सॉरी," त्यानं हात मागं घेतला. "ह्या काचेचंच काम होतं. सूर्यभानकाका आहेत का?"

"आप्पांचा, माझ्या वडलांचा, हात कापतो आता. काम मीच करते. भक्ती माझं नाव. चालत नसंल तर परभणीला जा."

"चालंल की," तो हसला. अगं बाई... हसू ओठांवर आलं, अन् डोळ्यांपर्यंत पोचायच्या आतच विझलं.

त्याचं नाव आदिनाथ. पुण्यात नोकरी, घर चारठाण्याला. घड्याळ परदेशी, भारीतलं. असलं आमच्या टेबलावर वर्षा-दोन वर्षांतून एखादं येतं. त्याला सर्व्हिसिंग करून हवं होतं, आणि काच काढून चकाकी न मारणारी, अँटी-रिफ्लेक्टिव्ह काच बसवायची होती.

"हिला तर एक ओरखडा न्हाई. चांगली काच उगं कशाला बदलता?"

त्यानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग टेबलाकडं बघत म्हणाला, "वडलांचं हाय. मीच घेऊन दिलं होतं, हौसेनं. शेवटी ते दवाखान्यात होते, तर वरच्या ट्यूबलाइटची चकाकी काचेवर पडायची. हात तिरका करायचं बळ न्हवतं. मग मला विचारायचे, आदी, किती वाजले रे? सारखं विचारायचे. अन् मी एकदा वैतागलो... म्हणलं, हातात घड्याळ हाय की, बघा ना."

"मग?"

"मग परत विचारलंच न्हाई."

मी नुसता पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

काच मुंबईहून कुरिअरनं यायला आठ दिवस लागणार होते. हा माणूस रोज दुपारी मोटारसायकलवर हजर.

"आली का?"

"तिला काय पाय फुटलेत? फोन करायचा ना."

"फोनवर तुमची बोलणी खाता येत्यात, पण चहा मिळत न्हाई."

मी तोंड वाकडं करायचे आणि चहात जास्तीचं आलं टाकायचे. आप्पा आतल्या बाजेवर बसलेले असायचे. त्यांचा हात कापतोच, पण हल्ली ते विसरतातही. "कुठले तुमी, पाव्हणे?" असं रोज तीन-चारदा विचारायचे. मला लाज वाटायची. आदिनाथ मात्र दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगायचा, "चारठाण्याचा, काका. दत्तरावांचा मुलगा." एकदाही आवाज चढला नाही. तिथंच मी फसले.

आठव्या दिवशी काच आली. तोही आला. "बरं झालं. उद्या सव्वापाचच्या गाडीनं निघायलोय. रजा संपली."

"बरं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? काम झालं की गिऱ्हाईक जातं.

सगळी मशीन पुसली, तेल दिलं, नवी काच बसवली. हात काम करत होते, डोळे करत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घड्याळ घेऊन गेला. "येतो," म्हणाला. मी "या," म्हणाले. एवढंच... आणि मग अर्धा तास एकाच घड्याळाचा एकच स्क्रू शोधत बसले.

साडेचारला तो परत दारात. खांद्याला बॅग.

"आत काहीतरी दिसायलंय."

माझ्या कामात? शक्य नाही! मी भिंग लावलं. सहाच्या आकड्याजवळ बारीक, काळं, वाकलेलं काहीतरी. जुन्या काचेच्या चकाकीत ते खपूनही गेलं असतं. ही काच काहीच लपवत नव्हती. पापणीचा केस होता. माझ्या.

"तुमी रडला होता?" त्यानं हळूच विचारलं.

"भिंग लावून डोळ्यात पाणी येतं."

"भक्ती..."

"रडले! तुमी जाणार म्हणून रडले. झालं समाधान?"

मी घड्याळ उघडलं, चिमट्यानं तो केस उचलला. त्यानं मूठ वळून पुढं केली. लहानपणी सगळेच करतात तसं, मुठीवर पापणीचा केस ठेवायचा, मनातलं मागायचं आणि फुंकायचं. एवढा मोठा माणूस, डोळे मिटून उभा राहिला आणि त्यानं तो केस फुंकला.

मी घड्याळ बंद केलं, त्याच्या मनगटावर बांधलं. सगळे आकडे लख्ख दिसत होते. त्यानं तिकडं बघितलंच नाही.

"किती वाजले?" त्यानं विचारलं.

"पाचला दहा कमी."

"किती?"

"पाचला दहा कमी."

"जन्मभर असंच विचारत राहिलो तर... वैतागशील?"

"वैतागीन. लय वैतागीन," मी डोळे पुसले. "पण दर वेळी सांगीन."

आतून आप्पांनी हाक दिली, "कोण हाय गं? कुठले तुमी, पाव्हणे?"

आदिनाथनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"इथलाच, आप्पा," तो म्हणाला.