पाणी चढेपर्यंत

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. नदीकाठच्या बागेला लागून होड्यांचा सार्वजनिक धक्का आहे. तिथे कुठली होडी कुठे बांधायची, हे ठरवणं माझं काम. त्या दुपारी एक शिडाची होडी आली आणि खांबावरचे पाण्याच्या खोलीचे आकडे न बघताच मी तिला बागेकडची उथळ जागा देऊन टाकली. का? तर होडीवाला छान हसला म्हणून. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि होडी गाळात रुतून बसली.

माफी मागायला गेले, तर स्वारी कललेल्या होडीत उशीला टेकून निवांत वाचत होती.

"वैतागला असाल ना?"

"फार. आता पाणी चढेपर्यंत तुमचं तोंड बघावं लागणार… रोज."

"मला काही हौस नाही रोज यायची," मी म्हणाले.

आणि रोज गेले. कधी दोर तपासायला, कधी उगाचच. बागेतली फुलं पाण्यावर येऊन अलगद फिरत राहायची, आम्ही बोलत राहायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. "हल्ली कामावर फार लवकर जातेस," आई म्हणाली. मी विषय बदलला. पाणी चढलं की तो समुद्राकडे जाणार होता, कायमचा. तिथे धाकट्या भावाबरोबर होड्या दुरुस्तीचा कारखाना काढायचा होता.

नवव्या सकाळी कुठे माझं खांबाकडे लक्ष गेलं. पाणी हातभर चढलेलं होतं. गप्प बसता आलं असतं. अगदी जिवावर आलं, तरी गेले.

"पाणी चढलंय. निघू शकतोस."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"परवापासून…" त्याने कान खाजवला. "तू यायच्या आधी सगळं सामान एका बाजूला लोटतो. होडी कललेली दिसावी म्हणून."

मी आत डोकावले. नांगर, स्टोव्ह, पिंप, पुस्तकं— सगळा ढीग एकाच कडेला. रागवायला हवं होतं. डोळेच भरून आले.

"जाऊ नकोस," मी म्हणाले. "मला तू आवडतोस."

"हेच ऐकायला थांबलो होतो," तो हळूच म्हणाला. "भावालाच इकडे बोलावतो. कारखाना इथे काढू. फक्त… आता जरा खोल पाण्यातली जागा दे. तिरकं झोपून मान धरलीय माझी."

होडी आम्ही माझ्या ऑफिसच्या खिडकीखाली आणली. हात सोडायला दोघंही तयार नव्हतो, म्हणून दोराची गाठ दोघांनी मिळून मारली— त्याचा डावा हात, माझा उजवा.