आवाज बंद होता

समिधाचं हर्नियाचं ऑपरेशन तसं छोटंच होतं. दुपारपर्यंत घरी येऊ म्हणून अधारतालहून निघताना मी भाजीसुद्धा चिरून ठेवली होती.

मदन महलच्या त्या दवाखान्यात हल्ली ऑपरेशनआधी मुलांच्या हाती टॅबलेट देतात. त्यात मासे पकडायचा खेळ. पूर्वी मुलं दारातच आकांत करायची, आता खेळता खेळता आत जातात, असं नर्सबाई सांगत होत्या. खरंच, सकाळपासून माझ्या पदराला चिकटलेली समिधा खेळ मिळताच गप्प झाली. बाकावर माझ्या मांडीत बसून मासे पकडू लागली. स्पिरिटचा वास तेवढा माझ्या घशात उतरत होता.

आमची समिधा सहा वर्षांची, या हिंदी मुलखातच वाढलेली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर कायम हिंदीत. "सासूशी पण हिंदीतच भांडशील का गं?" असं मी तिला नेहमी चिडवते.

मासे पकडता पकडता ती हळूच म्हणाली, "थांब न... येऊन राहिली मी."

मला इतका आनंद झाला! "अगंबाई, मराठी! कोणाशी बोलून राहिली, बेटा?"

"दीदी से," मान वर न करता ती म्हणाली. "वो अंदर रहती है. बोलती है, मम्मी का हाथ छोड़ दे... मेरे पास ही रह जा."

मी नर्सबाईंना विचारलं, "इस खेल में मराठी कौन बोलता है?"

"कोई नहीं, बहनजी. आवाज़ तो हम बंद रखते हैं, बाजू में बच्चे सोते हैं न. चलो बेटा, टाइम हो गया."

टॅबलेट काढून घ्यावा तर ती रडणार. आणि रडत्या मुलाला भूल देणं बरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी समिधानं माझा हात सोडला. स्वतःहून, हसत.

मी वाकून त्या मुक्या खेळाजवळ तोंड नेलं. आत जे काही होतं, तेही कोणाचं तरी लेकरूच असणार.

"बाळा," मी कुजबुजले, "माझी पोर परत पाठव... मी बसते इथं, तुझ्याजवळ."

दार मिटलं.

समिधा शुद्धीवर आली तेव्हा तिचा पहिला शब्द "मम्मी" होता. मी पोटभर रडले. दुपारी तिचे बाबा फॅक्टरीतून आले, त्यांनी तिला अलगद उचललं आणि आम्ही निघालो.

बाकावर आता सिहोऱ्याची एक चिमुरडी आजोबांशेजारी तोच टॅबलेट घेऊन बसली होती. दोघांचं बोलणं सगळं हिंदीत. आम्ही समोरून जाताना ती मान खाली घालूनच म्हणाली, "काकू, काहून चालल्या? बसते म्हणाल्या होत्या न..."

"चल न," हे पुढून म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं... आलेच मी." मी बाकाच्या टोकाला बसले.

मुलीनं काचेवर दोनतीनदा बोट आपटलं. मग तिचे ओठ थरथरले. "दादाजी, दीदी चली गई..."

"कहाँ गई, बिटिया?" आजोबांनी विचारलं.

तिनं माझ्या मांडीकडे बोट दाखवलं.