देवदूताच्या तोंडातली फट

दार लोटून घ्या रे. आणि फिदीफिदी हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे.

साडू मुलामा चढवणारा. चौकातलं ते जुनं चर्च आहे ना, पिळदार खांबांचं, गोबऱ्या गालांच्या लाकडी देवदूतांचं? तिथे वेदीवर सोन्याचा वर्ख लावायचं काम त्याच्याकडे होतं. वर्ख इतका पातळ की नुसत्या श्वासानेही उडतो. दिवसा माणसांची ये-जा, म्हणून हा रात्री दारं-खिडक्या लावून बसायचा. वर्ख ठेवताना स्वतःचा दमसुद्धा रोखून धरायचा.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतला दुसरा मंगळवार. त्याच्या सहा वर्षांच्या लेकीला दमा. मेहुणी त्याला म्हणाली, "अहो, आज नका जाऊ. हिची छाती वाजतेय."

"मागच्याच गल्लीत तर आहे मी. फोन कर, धावत येतो."

रविवारी वेदी तयार हवी होती. हट्टी माणूस, गेला.

पावणेबारा वाजले होते. परांचीवर बसून त्याने एका देवदूताच्या ओठांवर वर्ख ठेवला. उडाला. दुसरा ठेवला, दम रोखून. तोही उडाला. बॅटरी मारून पाहिलं, तर ओठांमध्ये केसाएवढी फट, आणि तिच्यातून वारा येत होता. ह्या लोकांचा हातच तसा बसलेला, फट दिसली की बुजवायची. खडू आणि सरसाचा लगदा त्याने अंगठ्याने दाबून भरला.

तिसरा वर्ख हलला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मेहुणी किंचाळत होती. "श्वास... श्वासच घेत नाहीये हो ती!"

तो उतरायला वळला. आणि थांबला.

मघाचा वारा आठवला... आत जात होता. बाहेर येत होता. शेवटी बारीक शिट्टी...

लेकीच्या छातीतली ती शिट्टी त्याला पाठ होती.

त्याने चाकू घेतला. खरवडलं. अजून खरवडलं. ओठ सोलला. फट मोकळी झाली.

काही नाही.

काही नाही...

मग आतून शिट्टी. आणि फोनमध्ये, त्याच क्षणी, लेक खोकली.

पोरगी आता ठणठणीत आहे. दमा गेला तो गेलाच. त्या देवदूताला मात्र साडू कुणाला हात लावू देत नाही. मीही त्याला हसलो होतो, तुमच्यासारखाच.

परवा पहाटे तिला शाळेच्या बसपर्यंत सोडायला मी गेलो. कडाक्याची थंडी. माझ्या तोंडातून वाफ, ड्रायव्हरच्या तोंडातून वाफ, सगळ्या पोरांच्या.

खिडकीतून ती ओरडली, "काका, टाटा!" दोनदा ओरडली.

तिच्या तोंडातून... काहीच आलं नाही.