वेगखोलीतली सेना

वेगखोल्या आल्या तेव्हा लोकांनी त्यांत पहिल्यांदा काय ठेवलं असेल, तर लोणचं. सकाळी कैरीच्या फोडी कालवून बरणी आत ठेवायची आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत लोणचं वर्षभर मुरलेलं. मग सागवानाचे व्यापारी आले, भाजीपाला पिकवणारे आले, आणि सगळ्यांच्या शेवटी पण सगळ्यांहून जास्त घाईत सिनेमावाले आले.

कल्पना तशी साधी होती. पाण्याला उतार असतो तसा काळालाही असतो. कालवा एकच, पण तळ जिथे जास्त उतरता तिथे पाणी धावतं आणि सपाटीवर रेंगाळतं. डोंगरमाथ्यावरचं घड्याळ आणि पायथ्याचं घड्याळ यांच्यात फरक पडतो, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. तो इतका बारीक होता की त्यापायी कुणाची एसटी चुकली नव्हती. पुढे हा काळउतार एखाद्या बंद जागेत हवा तेवढा वाढवण्याची युक्ती सापडली आणि तिच्यातून वेगखोली जन्माला आली. आतल्या माणसाला काहीही वेगळं जाणवत नाही. त्याचा तास तासाएवढाच असतो. फक्त दहा तास राबून तो बाहेर येतो, तेव्हा बाहेर एकच तास उलटलेला असतो.

वय मात्र आतल्या हिशेबाने वाढतं. जाहिरातीत हे कुणी छापत नसे, पण नायिकांना ते बरोबर कळलं होतं आणि त्या वेगखोलीत पाऊल टाकत नसत. तिथे जायची ती पोटासाठी काम करणारी माणसं.

खैरमाळच्या बंद पडलेल्या कोळसाखाणीत अशीच एक अवाढव्य वेगखोली होती. जमिनीखाली दिव्यांच्या उजेडात धान पिके, अळिंबी उगवे, कोंबड्या आणि मासे वाढत. दिवे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर चालत, त्यामुळे ते विझायचा प्रश्न नव्हता. तिचा अर्धा भाग 'मेघदंत' नावाच्या मालिकेने भाड्याने घेतला होता. कथा काल्पनिक राज्याची: मेघदंताचं राज्य बुडतं, उरलेली सेना जमिनीखाली दडते आणि राणीची वाट बघते. या सेनेसाठी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांमधून दोनशे बायापुरुष गोळा केली होती. धानाची कापणी होऊन नाटकांचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, तोवर हाताला काम.

ती माणसं जमवली होती वनिता गेडामने. वनिता मालिकेची सहायक दिग्दर्शक, म्हणजे जिच्यावर सगळे ओरडतात ती. वडशाकडची पोर, आईविना वाढलेली, बापाच्या नाटकांच्या पेटाऱ्यांवर झोपून मोठी झालेली. बाप तुळशीराम गेडाम हा त्या मुलखातला नावाजलेला नट. लेकीने त्याला सेनापती भद्रसेनाचं काम दिलं होतं आणि तो हरखून गेला होता. जगात तिला तेवढंच एक माणूस होतं.

तुळशीरामच्या कंपनीचा एक रिवाज होता. अंगावर वेश चढला की पडदा पडेपर्यंत भूमिका सोडायची नाही. विंगेत पाणी मागायचं तरी राजाने राजासारखं मागायचं. नाटक रात्रभर चालतं, माणूस पेंगतो, मध्येच घरचा होतो आणि मग रंग उतरतो, असं त्याचं म्हणणं. त्याने दोनशे जणांना हीच सवय लावली होती. त्या सकाळी शेवटचा प्रसंग होता. राणीचं काम करणारी नटी निदान पाच मिनिटं तरी आत येते का, हे बघायला वनिता निघाली. राणी येईपर्यंत कोणी जागा सोडायची नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं. बापाने चिलखतावर मूठ ठेवली आणि मान झुकवून म्हणाला, "जशी आज्ञा."

कॅमेरेवाले चहासाठी तिच्याबरोबरच बाहेर आले. नटी आपल्या गाडीत बसून होती आणि आत जायला तयार नव्हती. तिची समजूत घालताना वनिताने फोन बंद ठेवला होता, कारण बाईंना मध्येच वाजलेला फोन खपत नसे. पाच मिनिटांचा तास कधी झाला, हे तिला समजलं नाही.

तिला शोधत डॉक्टर यशोधरा खोब्रागडे स्वतः आल्या. वेगखोलीच्या यंत्रणेवर देखरेख करणाऱ्या त्या शास्त्रज्ञ. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई, आणि आत्ता पायांत चप्पलसुद्धा नव्हती. नियंत्रणकक्षात नेऊन त्यांनी वनिताला खुर्चीत बसवलं.

"उतार घसरलाय," त्या म्हणाल्या. "तू बाहेर पडलीस आणि लगेच. दार आपोआप बंद झालं."

"घसरला म्हणजे?"

"म्हणजे आत काळ आता दहापटीने चालत नाहीये. बाहेरचा एक तास म्हणजे आतली एक पिढी."

वनिताला ते ऐकू आलं, पण आत शिरलं नाही. पिढी म्हणजे किती, असं तिने विचारलं.

"जन्मलेलं लेकरू स्वतः आईबाप होईल, एवढी."

"आमचे बाबा बावन्न वर्षांचे आहेत, मॅडम," वनिता म्हणाली.

'आहेत' हा शब्द तसाच त्या दोघींच्या मध्ये पडून राहिला. मग वनिताने विचारलं की हे मागे नेता येईल का. डॉक्टर म्हणाल्या की उतार सपाट करता येतो आणि ते काम सुरू आहे, संध्याकाळच्या आत दार उघडेल. पण वाहून गेलेलं पाणी परत चढावर आणता येत नाही.

दाराच्या आतल्या बाजूला बोलण्याचं एक यंत्र होतं. आतला आवाज बाहेर यायचा तो डासाच्या गुणगुणण्यासारखा, म्हणून तो ताणून संथ करणारं यंत्र बाहेर बसवलेलं असे. त्याला संथक म्हणत. त्या तासाभरात संथकात बरंच काही साठलं होतं. ते ऐकायचं तर माणसाच्या बोलण्याच्या गतीनेच ऐकावं लागणार होतं, आणि मिनिटभर ऐकण्यात आत चार-पाच महिने सरणार होते. डॉक्टरांनी हे तिला सरळ सांगितलं. वनिता म्हणाली, "लावा."

पहिला आवाज जसाच्या तसा बापाचा होता. "वने, दार लागलं वाटते. पोट्टे घाबरले होते. मी म्हणलं, पडदा पडला नाही अजून, कोणी भूमिका सोडाची नाही. मग बसले गुमान. तू ये सावकाश."

दुसऱ्या वेळी आवाज जाड झाला होता आणि मागे पुष्कळ माणसं उभी असावीत असं वाटत होतं. तो वनीशी बोलतच नव्हता, राणीशी बोलत होता. सेना सज्ज आहे. पहारे नेमले आहेत. धान वाटून दिलं जातं, भांडण करणाऱ्यास शासन होतं. बालके जन्मली आहेत आणि प्रत्येकास जन्मतःच पद दिलं आहे. वनिताला बापाचा तो सूर चांगला ठाऊक होता. प्रेक्षक उठून चालले की तो असाच आवाज चढवून त्यांना परत बसवायचा. बंद भुयारात दोनशे माणसं वेडी होऊ नयेत म्हणून त्याने त्यांना नाटकात बसवून ठेवलं होतं.

तिसरा आवाज म्हाताऱ्याचा होता आणि तो कुजबुजत होता.

"वने, काल मी सगळ्यायले बसवलं आन् सांगतलं का हे नाटक आहे, मी तुळशीराम. पडदा पाडला मी. जुने होते ते रडले. नवे काही बोलले नाही. आता मले दिव्याच्या पलीकडं अंधारात सोडून देनार आहेत. राजद्रोह म्हनतात. तो शब्द मीच शिकवला त्यायले. चूक त्यायची नाही, बाई. त्यायनं दुसरं काही पायलंच नाही. तू मात्र खरं सांगू नको. येशील तर रानी होऊन ये."

वनिता रडली. बेताबेताने नाही, मोठ्याने रडली. डॉक्टर तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि त्यांची नजर घड्याळाकडे होती याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ती रडत होती तेवढ्या वेळात आत कुणाची तरी मुलगी शहाणी झाली असेल.

दुपार तशीच गेली. संथकातून आवाजामागून आवाज येत राहिले. सेनापती बदलत होते. बोली बदलत होती. नाटकातली भारदस्त भाषा आणि झाडीची बोली कालवून तिसरीच एक भाषा झाली होती, आणि ती त्यांची मातृभाषा होती. निरोप मात्र एकच: राणीसाहेब, आम्ही जागा सोडलेली नाही. उतार सपाट होत आला आणि दारावरच्या कॅमेऱ्यात चित्र दिसू लागलं, तेव्हा कक्षातली सगळी माणसं पडद्याजवळ सरकली. दाराशी रांगा लावून माणसं उभी होती. सेटवरचे पुठ्ठ्याचे भाले केव्हाच गेले होते. आताचे लोखंडाचे होते, पाइप ठोकून घडवलेले, आणि त्यांची टोकं घासून घासून चकचकीत केली होती.

बाहेर पोलिसांच्या दोन गाड्या आल्या, तहसीलदार आले. आतून जो बाहेर पडेल तो समोर दिसेल त्याला शत्रू समजेल, असं डॉक्टरांनी त्यांना समजावलं. फौजदार म्हणाला की भाला उगारला तर आम्हाला गोळी चालवावी लागेल. आतही माणसं मरतील, बाहेरही. लोकांना खरं सांगून शांत करावं, असं तहसीलदारांचं मत पडलं.

"खरं एकाने सांगून पाहिलंय, साहेब," वनिता म्हणाली.

नटी कधीच निघून गेली होती. तिचा राणीचा पोशाख वेशभूषेच्या गाडीत टांगलेला राहिला होता. रंगभूषाकाराने तो वनिताच्या अंगावर चढवला. खांद्यांत सैल होता, तिथे टाचण्या मारल्या. मग मुकुट बसवला. तिने आरशात पाहिलं नाही. डॉक्टरांनी तिला एकदाच विचारलं, की एकदा हे अंगावर घेतलंस की उतरवणार कधी. वनिता म्हणाली, "ते मला विचारू नका, मॅडम."

उन्हं कलली तेव्हा दार उघडलं.

सेना बाहेर आली ती चार-चारच्या रांगेत. फिकट, ठेंगणी माणसं, डोळे मिचकावणारी. त्यांच्यापैकी एकानेही सूर्य पाहिला नव्हता, त्यांच्या आजीनेही नाही. तरी कुणी वर बघितलं नाही. वर बघायची आज्ञा नव्हती. वनिता उतरत्या उन्हात चार पावलं पुढे एकटी उभी होती आणि दोनशे जणांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत होती. कुणाच्या तरी नाकात, कुणाच्या कपाळात ओळखीचं काही सापडेल, असं तिला वाटत होतं. बापाबरोबर आत गेलेल्या प्रत्येकाला ती नावाने ओळखायची. आता एकही नाव कुणाला लागू पडेना.

सगळ्यांच्या पुढे सेनापती होती, तिच्याच वयाची एक बाई. तिने मूठ छातीवर ठेवली, मान झुकवली आणि लेकराच्या विश्वासाने म्हणाली, "राणीसाहेब, सेना हजर आहे जी. शत्रू कुठं आहे?"

वनिताच्या एका बाजूला तहसीलदार होते. दुसऱ्या बाजूला फौजदार, अनवाणी डॉक्टर, चहाची किटली हातात धरलेला पोऱ्या, रंगभूषाकार. बोट ज्याच्याकडे वळेल तो मेला असता. आणि शत्रू नाहीच, लढाईच नाही, असं म्हटलं असतं तर तिच्या बापाचं जे झालं तेच. तिच्याकडे असा कुठलाही शब्द नव्हता, जो त्यांना माणसांत आणील आणि तिलाही जिवंत ठेवील. आज उत्तर टाळता येईल. पण ही बाई उद्या विचारणार होती, परवा विचारणार होती, आणि मग तिची मुलगी विचारणार होती.

"आधी जेवून घ्या," ती म्हणाली.

मंडपात युनिटचा आचारी भेदरून उभा होता. दुपारच्या जेवणासाठी त्याने दोनशे जणांचा भात, वरण आणि वांग्याची भाजी करून ठेवली होती. ज्यांच्यासाठी शिजवलं त्यांची हाडंही आता उरली नव्हती, आणि झाकलेल्या पातेल्यातला भात अजून कोमट होता. सेना पंगतीत बसली. आचारी वाढत गेला, शेवटच्या पानापर्यंत गेला आणि रिकामं पातेलं घेऊन परतला. भात बरोबर पुरला होता, कमी नाही की जास्त नाही. त्याने नवलाने तसं म्हटलं. तेव्हा सेनापतीने त्याला समजावून सांगितलं की राणीसाहेबांनी सोडलं तेव्हा सेना दोनशेची होती, म्हणून ती दोनशेचीच ठेवली आहे. जास्तीचं माणूस जन्मलं तर जुन्यातलं एक दिव्यापलीकडे जातं. तसा नेमच आहे.

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघण्याचा भाव होता.

कुणी घासाला हात लावला नाही. वनिताला आधी कळेना. मग कळलं की तिने जेवल्याशिवाय ते जेवणार नाहीत. तहसीलदार लांब सरकून उभे राहिले होते. डॉक्टर दाराकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि या सेनेपैकी तिला वने म्हणणारं कुणी नव्हतं. तिने भातावर वरण ओतून घेतलं, कालवलं आणि पहिला घास तोंडात घातला. दोनशे जण तिच्याकडे बघत होते. तिने सावकाश चावून तो गिळला आणि म्हणाली, "छान झालंय. जेवा."

ते जेवू लागले.