डावं पुढचं चाक

केरबाला कललेलं चाक बघवत नसे. कुणाच्या लग्नाला गेला तरी नवरदेवाआधी त्याची नजर गाडीच्या पुढच्या चाकांवर जायची, आणि मग पंगतीत शेजाऱ्याला तो कॅम्बर समजावून सांगायचा. समोरून बघितलं तर चाक उभं आहे की वरच्या अंगानं आत झुकलंय, तो झुकाव म्हणजे कॅम्बर. शेजारी बिचारा रस्सा ओरपत मान डोलवायचा.

उद्यमनगरात त्याचं व्हील अलाइनमेंटचं गॅरेज होतं आणि त्याची स्वतःची एक रीत होती. रिकाम्या गाडीचा कॅम्बर तो लावायचा नाही. "गाडी काय रिकामी पळती व्हय?" म्हणत उजव्या सीटवर तो वाळूचं पोतं ठेवायचा आणि डाव्या सीटवर आपला मुलगा आदर्श.

आदर्श बसला की डावं चाक किती कलतं हे केरबाच्या डोळ्यांना पाठ होतं. म्हणूनच पोराचा आजार डॉक्टरांआधी त्याला दिसला. चाक पहिल्याइतकं कलेना. मग आणखी कमी. शेवटी शेवटी पोरगं बसलं काय, न बसलं काय, चाकाला पत्ता लागत नव्हता. रक्ताचा आजार निघाला आणि २००३ च्या दिवाळीआधी आदर्श गेला.

मागं राहिला त्याचा कॉम्प्युटर, शाहूपुरीतून जुना आणलेला, आणि त्यातला मोटारींचा गेम. पळवण्याआधी त्यात गाडी गॅरेजात उभी करून एकेका चाकाचा कॅम्बर कमीजास्त करता यायचा. आजारपणात आदर्शनं बापाला हे शिकवलं होतं. दोघांनी मिळून एक लाल गाडी जुळवली होती. आता संध्याकाळी बावड्यातल्या घरी आला की केरबा तिच्यापुढं बसायचा. पळवायचा नाही. चारी चाकं उभी आहेत एवढं बघायचा आणि बंद करायचा.

एका संध्याकाळी पुढचं डावं चाक आत कललेलं दिसलं. आपलंच बोट चुकलं असेल म्हणून त्यानं ते सरळ केलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कललेलं, कालच्याहून केसभर जास्त. कॉम्प्युटरवाल्याला घरी आणलं, तर तो म्हणाला, मशीन ठणठणीत हाय. मग केरबानं हात लावायचंच सोडलं. नुसता बघत राहिला. झुकाव रोज थोडा वाढत होता, आणि केरबानं तो ओळखला. हीच उतरण त्यानं वर्षभर पाहिली होती. आता ती चढत होती.

"अगं ए, हिकडं ये जरा," त्यानं बायकोला हाक मारली. "ह्या डाव्या सीटवर कोणतरी बसलंय. आन् अंगानं भराय लागलंय."

बयाबाईनं कोण म्हणून विचारलं नाही. ती हात पुसत आली आणि शेजारी बसली.

बयाबाई अंगानं थोराड. बांगड्या भरताना कासाराला घाम फुटायचा, साबण लावून एकेक चढवावी लागायची. आदर्श गेल्यापासून ती मुकी झाली होती, ती आता रोज विचारू लागली, "आज किती वाढलं वो?" केरबा दाखवायचा. दोघं हसायची. त्या घरात किती दिवसांनी कुणी हसत होतं.

केरबाचा पट्टा ढिला झाला. लोक म्हणाले, पोराच्या दुःखानं खंगला. त्यालाही तसंच वाटलं.

सुट्टीला धाकटी लेक पूर्णिमा वारणानगरच्या होस्टेलवरून आली. दादाची गाडी म्हणून दिवसदिवस पडद्यासमोर बसू लागली. आठवडा झाला आणि तिचा ड्रेस अंगावर लोंबायला लागला.

"बाबा, उभं ऱ्हायलं की चक्कर येतीया," ती म्हणाली.

केरबानं चाकाकडं बघितलं. एवढं ते कधीच एका आठवड्यात कललं नव्हतं. त्यानं आपला ढिला पट्टा चाचपला.

"पुसून टाकतो ही गाडी," तो म्हणाला.

बयाबाईनं त्याचं मनगट धरलं. "दुसऱ्यांदा नका घालवू वो त्याला!"

दोघंही रडली. ती गाडी पुसणं केरबाच्यानं झालं नाही. पूर्णिमाला होस्टेलवर पाठवलं, कॉम्प्युटरची वायर काढली, वर चादर घातली. कुणीही पुढं बसायचं नाही असं ठरलं. "न्हाय बसायची," बयाबाईनं शब्द दिला.

पूर्णिमाचा फोन आला, बरं वाटतंय. केरबाचा पट्टा जुन्या भोकावर आला. एकटी बयाबाई ऐन उन्हाळ्यात दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून हिंडायची. विचारलं तर म्हणायची, गार वाटतंय.

एका दुपारी केरबा विसरलेला पाना न्यायला घरी आला.

चादर खाली पडली होती.

पडदा उजळलेला होता. लाल गाडी समोरून उभी होती आणि डावं चाक कललं होतं. पुरतं. आदर्श धडधाकट असताना कलायचं तेवढं.

आधी त्याला आनंदच झाला. खोटं कशाला सांगा.

आतल्या खोलीतून बयाबाईनं विचारलं, "आलासा व्हय?" आवाज तिचाच होता, पण लहान पोरीसारखा पातळ. "भरला बघा आपला आदर्श."

कीबोर्डशेजारी तिच्या हिरव्या बांगड्या पडल्या होत्या, दोन्ही हातांच्या सगळ्या.

त्यातली एकही फुटलेली नव्हती.