खाली उभ्या असलेल्या बाईसाहेब

व्हाइट हाउसमध्ये मी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचे, थेयर बाईसाहेबांचे, कपडे सांभाळायचे. त्या हिवाळ्यातल्या दुपारी निळा पोशाख इस्त्री करून वर न्यायचा, एवढंच माझं काम होतं. खाली महिला मंडळांचं चहापान होतं. पाचशे बायका रांगेनं येणार आणि बाईसाहेबांनी एकेकीचा हात हातात घेऊन हसायचं.

बाईसाहेब मात्र अंथरुणात होत्या. सोमवारीच त्यांच्या पोटातलं मूल गेलं होतं. मूल होणार हेच कुणाला सांगितलेलं नव्हतं, मग गेल्याचं कोण सांगणार? डॉक्टरांनी बजावलं होतं, उभ्या राहिलात तर जिवावर बेतेल. तरी खालून निरोप आला: आल्या नाहीत, तर वर्तमानपत्रं नवरा-बायकोचं भांडण छापतील.

"व्हर्ना, चढव तो पोशाख," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर ते सवयीचं हसू. त्या हसण्याचा मला भारी राग यायचा.

"त्यांना चहा प्यायचाय, तुमचं रक्त नाही. निजा गुपचूप!"

पोशाख कपाटात टांगला, दाराला आतून कडी घातली आणि खुर्ची ओढून बसले. नोकरी गेली तर गेली.

पडद्यांमागचा उजेड मावळत गेला. खोलीत औषधाचा वास कोंडला होता. खालून बँडचे सूर येत होते. बाईसाहेबांचा श्वास हळूहळू संथ झाला... आणि दारावर टकटक झाली. चिटणीस प्रुइटबाई! माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"व्हर्ना, बाईसाहेबांची शाल दे गं," त्या बाहेरून कुजबुजल्या. "खाली गार वारा सुटलाय. आणि काय गोड हसतायत आज! उगाच घाबरवलंत आम्हाला."

"कोण... हसतंय?"

"कोण म्हणजे? केव्हाच्या उभ्या आहेत बिचाऱ्या."

मी वळून पाहिलं. बाईसाहेब गाढ झोपल्या होत्या.

शाल घेऊन मी जिन्याच्या वळणापर्यंत गेले. खाली त्या उभ्या होत्या, निळ्या पोशाखात. एक म्हातारी त्यांचा हात सोडायला तयार नव्हती. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हसू जरासुद्धा हललं नाही. डोळ्यांनीच मला खुणावलं... वर जा.

मी धावतच परतले. कपाट उघडलं, तर पोशाख तिथेच, इस्त्रीही मोडली नव्हती. बाईसाहेबांना उठवून सारं सांगितलं. वाटलं, आता या बेशुद्ध पडणार.  त्या आधी रडल्या, आणि रडता रडता चक्क खळखळून हसल्या.

"म्हणजे मला जायला नको?"

"नको."

"मग सूप आण. भूक लागलीय गं मला!"

माझा जीव भांड्यात पडला.

ती कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही. पुढे वाईट दिवस आला की आम्ही नुसती कडी घालायचो.

राष्ट्राध्यक्षांची मुदत संपली आणि आम्ही ओहायोला, त्यांच्या घरी, निघालो. गाडीत बसताच बाईसाहेबांनी बूट काढून पाय पसरले. "सुटले गं, व्हर्ना!"

फाटकाशी गर्दी होती. सवयीनं त्यांनी हात उंचावला, पण गाडीकडे कुणी बघेचना. सगळे हसून रुमाल हलवत होते, व्हाइट हाउसच्या वरच्या खिडकीकडे.

नव्या बाईसाहेब तर अजून यायच्या होत्या.