कारखान्यातून गेलेलं मशीन

सकाळी कुलूप उघडलं आणि शिडीवाल्याची पाचावर धारण बसली. धातू कातायचं लेथ मशीन जागेवर नव्हतं. कुलूप धडधाकट, आणि दुपारी कोर्टाचा माणूस कंपनीच्या मालमत्तेची पाहणी करायला येणार. त्याने तडक वकीलबाईंना फोन लावला.

त्याच्या कंपनीने बनवलेली शिडी मोडून एक रंगारी पडला होता, तो कायमचा अधू झाला. भरपाई कंपनीने द्यायची. कंपनीपाशी या मशीनखेरीज फारसं काही नव्हतं. घर मात्र शिडीवाल्याच्या स्वतःच्या नावावर, म्हणून सुरक्षित. वकीलबाईंनी शंभरदा बजावलं होतं, कंपनी वेगळी, तू वेगळा, कंपनीचा खिळासुद्धा घरी नेऊ नकोस. रंगाऱ्याचा वकील तेवढ्याच चुकीवर टपून होता.

वकीलबाई थेट रिकाम्या जागेपाशी गेल्या. फरशीवर साबणाचे ओघळ वाळले होते. मशीनमधलं तेल डब्यात काढून वर झाकण लावलेलं, मशीनचा पट्टा खुंटीला टांगलेला.

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक मेहुण्याकडे. तिसरी घरी असते."

"मेहुण्याशी काही बिनसलंय?"

"मशीन विकून टाक म्हणत होता. भांडलो त्यावरून. कधी मशीनला हात लावला नाही त्याने, नुसता हिशेब बघतो."

"आणि तू हे काम शिकलास कुणाकडून?"

"बाबांकडून. मशीनही मूळ त्यांचंच, मग कंपनीला दिलं."

वकीलबाईंनी पुन्हा एकदा खुंटीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, घरी चल.

मागच्या खोलीत जुन्या चादरीखाली मशीन होतं. शेजारी स्टुलावर बाबा.

"चोर तेल काढून झाकण लावत बसत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पट्टाही जपून ठेवत नाही. मेहुण्याला तो काढता येणार नाही. साबणावरून मशीन सरकवायची रीत जुन्या कारागिराची. किल्ली घरातली. बाबा, तुम्हीच ना?"

बाबांनी मान डोलावली. पहाटे दोन हमाल आणले होते त्यांनी. मशीन वाचलं तर पोरगा पुन्हा उभा राहील, एवढंच त्यांना कळत होतं.

वकीलबाईंना रागही येईना. कंपनीचा माल मालकाच्या घरात सापडला, की दोघे एकच म्हणायला समोरचा मोकळा. मग घरावरही टाच. सुटायचं तर एकच वाट, मला न विचारता मशीन नेलं अशी पोराने बापाविरुद्ध तक्रार द्यायची, आणि तीही आत्ता.

"दे की," बाबा म्हणाले. "म्हाताऱ्याला काय करणार आहेत?"

शिडीवाला कागद घेऊन बसला. बापाच्या नावापाशी हात अडला तो अडलाच. इकडे आड, तिकडे विहीर. वकीलबाईंनी घाई केली, समजावलं, शेवटी हात टेकले.

दार वाजलं. कारखाना बंद दिसला म्हणून कोर्टाचा माणूस घरी आला होता, सोबत रंगाऱ्याचा वकील. चादर बाजूला करून कोर्टाच्या माणसाने विचारलं, हे कुणाचं?

पोरावर चोरीचा आळ येतोय असं बाबांना वाटलं. ते पुढे झाले.

"आमच्या घरचंच आहे, साहेब."

वकीलबाईंनी डोळे मिटले. रंगाऱ्याच्या वकिलाने पेन काढलं आणि अदबीने म्हटलं, आजोबा, पुन्हा एकदा सांगता?

बाबांनी या वेळी जरा मोठ्याने सांगितलं.